भागीदारांच्या मोबदल्यावर टीडीएस : ३१ मार्चपूर्वी नेमके काय करून ठेवावे?

प्रश्न : हिशेबनीस, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर

नमस्कार. मी लक्ष्मीपुरीत बसून लहान व्यापारी आणि कारखानदारांचे हिशेब लिहितो. मी सीए नाही. टॅलीतील नोंदी, जीएसटीची विवरणपत्रे आणि टीडीएसची (उगमस्थानी करकपातीची) चलने एवढे माझ्याकडे असते. ताळेबंद आणि ऑडिट त्या त्या अशिलाचे सीए पाहतात. माझ्याकडील बरीच खाती भागीदारी संस्थांची आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्र्यांसाठी मशिनिंग करणारे, मार्केट यार्डात गुळाची अडत चालवणारे, चप्पल लाइनमध्ये दुकान असणारे असे हे लोक असून, भागीदार म्हणजे बहुतेक ठिकाणी सख्खे किंवा चुलत भाऊ आणि त्यांच्या जोडीला कागदोपत्री घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती.

१ एप्रिल २०२५ पासून आयकर कायद्यात कलम १९४-टी आले आणि भागीदाराला दिलेला पगार, मोबदला, कमिशन, बोनस किंवा व्याज यांची वर्षभराची बेरीज २० हजार रुपयांच्या वर गेली की संस्थेने १० टक्के टीडीएस कापलाच पाहिजे, असे ठरले. तरतूद वाचायला सोपी आहे. अडचण आमच्या पद्धतीत आहे. आजवर भागीदार वर्षभर लागेल तशी उचल करीत आले. मुलाची फी, दवाखाना, घरचा गॅस, भिशीचा हप्ता, सगळे संस्थेच्या खात्यातून यूपीआयने जाते आणि मी ते उचल खात्याला नावे टाकतो. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऑडिटच्या वेळी सीए पुस्तकी नफा (मोबदला वजा करण्यापूर्वीचा नफा) काढतात, भागीदारांच्या मोबदल्याची कमाल वजावट ठरवणाऱ्या कलम ४०(बी) च्या मर्यादेत मोबदला बसवतात, आणि मी ३१ मार्चच्या तारखेने भागीदारांच्या भांडवल खात्यांना तो जमा देतो. ही नोंद प्रत्यक्षात सप्टेंबरात होते हे सर्वांनाच ठाऊक असते आणि आजवर त्याने कोणाचे काही बिघडत नव्हते.

आता ३१ मार्च २०२६ ला या कलमाखालची पहिलीच वर्षअखेर येत आहे. मार्चमध्ये कापलेला टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरायचा, आणि मोबदल्याचा आकडा मात्र सप्टेंबरात कळणार, हे जुळवायचे कसे? वर्षभर झालेली उचल ही मोबदल्याची आगाऊ रक्कम मानून तिच्यावर त्या त्या महिन्यात टीडीएस कापायला हवा होता, असे एका अशिलाच्या सीएंचे मत आहे. दुसऱ्यांचे मत नेमके उलट आहे. त्यातच लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांत न दिल्यास खर्च नामंजूर होण्याची तरतूद आहेच, आणि तीही मार्चअखेरच्या याद्यांवरच येऊन आदळते.

शेवटचा प्रश्न थोडा संकोचाचा आहे. जे काम वर्षातून एकदा होत होते ते दरमहा करावे लागणार असेल, तर त्याची फी अशिलाकडे कोणत्या शब्दांत मागावी? गेल्या सप्टेंबरात विवरणपत्रांची मुदत, ऑडिटची धावपळ आणि २२ तारखेपासून बदललेले जीएसटीचे दर हे सगळे एकाच महिन्यात आले. चप्पल लाइनच्या दुकानदाराला २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के अशी बिलिंगची मांडणी करून देण्यात माझे चार दिवस गेले, आणि त्याबद्दल चहाखेरीज काही मिळाले नाही. तक्रार नाही, पण हे असे किती वर्षे चालणार?

उत्तर : सनदी लेखापाल, राजारामपुरी

आपण प्रश्न नेमका मांडला आहे. प्रथम हे कलम का आले ते पाहू, कारण त्यावरून पुढची बरीच उत्तरे आपोआप मिळतात. भागीदाराला मिळणारा पगार हा कायद्याच्या दृष्टीने नोकरीचा पगार नसल्याने त्याला पगारावरील टीडीएसचे कलम १९२ लागत नव्हते, आणि संस्थेने भागीदाराला दिलेले व्याज व्याजावरील टीडीएसच्या कलम १९४-ए मधून स्पष्ट शब्दांत वगळलेले होते. म्हणजे ही संपूर्ण रक्कम टीडीएसच्या जाळ्याबाहेर होती. ती आता जाळ्यात आणली आहे. उलाढालीची कोणतीही किमान मर्यादा नाही. संस्था लहान असो वा मोठी, साधी भागीदारी असो वा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), सर्वांना सारखाच नियम. नफ्यातील वाटा आणि भांडवलाची परतफेड मात्र या कलमाबाहेर आहे.

टीडीएस कधी कापायचा, याबद्दल कलमाची भाषा नि:संदिग्ध आहे : रक्कम भागीदाराच्या खात्यात जमा करताना किंवा प्रत्यक्ष देताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, आणि खाते म्हणजे भांडवल खातेसुद्धा. त्यामुळे ३१ मार्चच्या तारखेची नोंद सप्टेंबरात टाकली तरी कायद्याच्या लेखी जमा ३१ मार्चलाच झाली.

उचलीचा प्रश्न करारपत्र वाचल्याशिवाय सुटत नाही, आणि दोन सीएंची मते वेगळी असण्याचे कारणही बहुधा तेच असावे. करारपत्रात 'प्रत्येक भागीदारास दरमहा २० हजार रुपये पगार' असे लिहिलेले असेल आणि भागीदार दरमहा तेवढेच पैसे उचलत असेल, तर त्याला उचल म्हणणे केवळ नावापुरते आहे. तो पगारच आहे आणि टीडीएस त्या महिन्यात कापून पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायला हवा. याउलट करारपत्रात मोबदला वर्षअखेरीस पुस्तकी नफ्यावरून काढायचा असे असेल, तर तोपर्यंत मोबदल्याचा हक्कच निर्माण झालेला नसतो. मधल्या काळात गॅस आणि फीसाठी गेलेले पैसे भांडवलातून केलेली उचल ठरतात आणि त्यांच्यावर टीडीएस लागत नाही, असे माझे मत आहे. मात्र भांडवल खात्यात तेवढी शिल्लक असली पाहिजे. ज्या भागीदाराचे भांडवल खाते वर्षभर उणे आहे, त्याने भांडवल काढले असे म्हणणे अवघड जाईल.

आता आकडे. आपल्याकडील मशिनिंगच्या एखाद्या संस्थेसारखेच उदाहरण घेतो. भागीदार तीन, प्रत्येकाचे भांडवल ६ लाख, त्यावर १२ टक्क्यांनी व्याज प्रत्येकी ७२ हजार. हे व्याज वजा केल्यावर आणि मोबदला देण्यापूर्वी पुस्तकी नफा ९ लाख ४० हजार. आर्थिक वर्ष २०२४-२५ पासूनच्या वाढीव मर्यादेनुसार पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के, म्हणजे ५ लाख ४० हजार, आणि उरलेल्या ३ लाख ४० हजारांवर ६० टक्के, म्हणजे २ लाख ४ हजार, असा एकूण ७ लाख ४४ हजार रुपये मोबदला देता येतो. प्रत्येक भागीदाराला मोबदल्याचे २ लाख ४८ हजार आणि व्याजाचे ७२ हजार मिळून ३ लाख २० हजार रुपये होतात आणि त्यावर टीडीएस ३२ हजार. तिघांचा मिळून ९६ हजार. संस्थेला उरलेल्या १ लाख ९६ हजारांवर ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर मिळून ६१,१५२ रुपये भरायचे आहेत. म्हणजे स्वतःच्या करापेक्षा अधिक रक्कम संस्था भागीदारांच्या नावाने सरकारजमा करणार, आणि त्या भागीदारांना दुसरे उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर शून्य असल्याने ती सगळी परताव्यात परत येणार. व्याजावरील टीडीएस टाळण्यासाठी बँकेला जसा १५-जी (आपल्यावर कर लागत नसल्याची स्वयंघोषणा) देता येतो तशी सोय इथे नाही. माझ्या मते लहान संस्थांसाठी किमान मर्यादा २० हजारांऐवजी बरीच वर ठेवायला हवी होती, पण कायदा आहे तसा पाळावा लागणार.

न पाळल्यास काय होते, तेही याच आकड्यांवर पाहा. नोंद ३१ मार्चची, आणि पैसे भरले सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तर दरमहा दीड टक्क्याने व्याज लागते. महिन्याचा काही भागही पूर्ण महिना धरला जात असल्याने मार्च ते सप्टेंबर असे सात महिने मोजले जातात आणि व्याज १० हजारांच्या वर जाते. चौथ्या तिमाहीचे टीडीएसचे २६-क्यू विवरणपत्र ३१ मेपर्यंत अपेक्षित असते. ते १५ सप्टेंबरला भरले तर दिवसाला २०० रुपयांप्रमाणे विलंब शुल्क २१,४०० रुपये. टीडीएस कापलाच नाही, किंवा कापून संस्थेचे विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंतही भरला नाही, तर ९ लाख ६० हजारांच्या ३० टक्के, म्हणजे २ लाख ८८ हजार रुपयांचा खर्च कलम ४०(ए)(आयए) खाली नामंजूर होऊ शकतो. भागीदाराने ते उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरले असेल तर यातून सुटण्याची वाट आहे, पण त्यासाठी सीएचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते आणि ते काम पुन्हा आपल्याच डोक्यावर येते.

यंदापुरता मार्ग असा. व्याजाचा आकडा ३१ मार्चला पैशापर्यंत अचूक काढता येतो, तेव्हा तो प्रश्नच नाही. मोबदल्यासाठी फेब्रुवारीअखेरचे जमाखर्च घेऊन, घसारा आणि शिलकी माल अंदाजे धरून, तात्पुरता नफा काढावा आणि त्यावरून मोबदल्याची नोंद ३१ मार्चला टीडीएससह खरोखरच टाकावी. अंदाज किंचित कमी धरावा. सप्टेंबरात नफा अधिक निघाला तर फरकाच्या रकमेवर टीडीएस आणि थोडे व्याज भरून काम भागते, किंवा भागीदारांची तयारी असेल आणि करारपत्र आड येत नसेल तर फरकाचा मोबदला सोडूनच देता येतो. अंदाज जास्त धरला आणि नफा कमी निघाला, तर वरचा मोबदला संस्थेच्या खर्चातून नामंजूर होतो आणि टीडीएसचे विवरणपत्रही दुरुस्त करावे लागते.

पुढील वर्षासाठी करारपत्र दुरुस्त करून घ्यावे. मोबदल्याची रक्कम किंवा ती काढण्याची रीत करारपत्रात लिहिलेली असलीच पाहिजे, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९९६ च्या परिपत्रक क्रमांक ७३९ मध्येच सांगितले आहे. दुरुस्तीच्या तारखेपूर्वीच्या काळासाठी मोबदला धरता येत नाही. म्हणून ती १ एप्रिललाच झालेली बरी.

उत्तर : भागीदार, मशिनिंगचा कारखाना, शिरोली एमआयडीसी

सीए साहेबांनी दिलेले उदाहरण जवळजवळ आमचेच आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. ९६ हजार रुपये परत मिळणार हे मान्य, पण ते मिळेपर्यंत कोणाच्या खिशातून जाणार? आम्ही कॅश क्रेडिटवर काम करतो. फौंड्रीकडून आमचे पैसे ६० दिवसांनी येतात आणि कामगारांचा पगार मात्र ७ तारखेला द्यावाच लागतो. एप्रिलअखेरीस एकरकमी ९६ हजार भरायचे, आणि विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत त्यावर बँकेचे व्याज सोसायचे, हा हिशेब कोणी मांडत नाही.

आमच्या तीन भागीदारांपैकी एक आमच्या काकू आहेत. काका गेल्यानंतर त्यांचे नाव करारपत्रात घेतले. त्यांचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असल्याने त्यांनी कधी विवरणपत्र भरलेले नाही. आता भरल्याशिवाय परतावा नाही, आणि परताव्यासाठी बँक खात्याची पोर्टलवर खातरजमा करून घ्यावी लागते. आमच्या हिशेबनिसांनी नोव्हेंबरातच सर्व भागीदारांचे पॅन आणि आधार तपासायला सांगितले, तेव्हा काकूंचे पॅन आधारशी जोडलेलेच नसल्याचे आढळले. दोन्हीकडे नावाचे स्पेलिंग वेगळे होते. ते दुरुस्त करून घ्यायला महिना लागला. तसेच राहिले असते तर त्यांच्या रकमेवर १० ऐवजी २० टक्के कापावे लागले असते. ज्यांच्या संस्थेत घरातील वडीलधारी माणसे भागीदार आहेत त्यांनी हे आधी पाहावे.

मोबदला बंदच करून सगळे नफ्यातील वाटा म्हणून घ्या, म्हणजे टीडीएसच लागणार नाही, असा सल्ला आम्हाला एकाने दिला. तो आम्ही मानला नाही. एक तर संस्थेचा संपूर्ण नफा ३० टक्क्यांच्या दरात जातो. सीए साहेबांच्याच आकड्यांत मोबदला आणि व्याज काढून टाकले तर संस्थेला ११ लाख ५६ हजारांवर कर भरावा लागेल, म्हणजे साडेतीन लाखांच्या वर. दुसरे म्हणजे माझ्या धाकट्या भावाने घरासाठी कर्ज मागितले तेव्हा बँकेने त्याच्या विवरणपत्रातील करपात्र उत्पन्नच पाहिले. मोबदला हे आमच्या घरचे उत्पन्न दाखवणारे एकमेव कागदपत्र आहे.

आम्ही आता असे ठरवले आहे की एप्रिलपासून प्रत्येकाला दरमहा १५ हजार ठरावीक पगार, त्यावर १,५०० टीडीएस, आणि उरलेला मोबदला मार्चमध्ये. तीन भागीदारांचे महिन्याला साडेचार हजार गेले तर जाणवत नाही. फीबद्दल एवढेच सांगतो की हिशेबनिसाने काम आधी समजावून सांगितले तर फी वाढवायला आमची हरकत नसते. दंडाची नोटीस आल्यावर वाढीव बिल आले की मात्र माणूस वैतागतो.

उत्तर : कर सल्लागार, इचलकरंजी

१९४-टी बद्दल वर सविस्तर आलेच आहे. मूळ प्रश्नातील ४५ दिवसांच्या मुद्द्यावर लिहितो, कारण आमच्याकडे सूत, कापड आणि प्रोसेसिंग यांत उधारीशिवाय पान हलत नाही आणि या तरतुदीबद्दल गैरसमजही सर्वाधिक आहेत.

कलम ४३-बी (एच) आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली आणि २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यातील मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी मिळतो. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवस. करार असेल तर करारात ठरेल ती, पण जास्तीत जास्त ४५ दिवस. करारात ९० दिवस लिहिले तरी कायदा ४५ च धरतो. मुदत बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजायची असते. जीएसटी किंवा कामगारांचा बोनस विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरला तरी खर्च त्याच वर्षी मिळतो. ती सवलत इथे नाही.

पहिला गैरसमज असा की ४५ दिवस उलटले की खर्च गेला. तसे नाही. जूनमध्ये घेतलेल्या मालाचे पैसे डिसेंबरात दिले, तर उशीर झाला तरी ते त्याच आर्थिक वर्षात दिलेले असल्याने आयकरात खर्च मिळतो. उशिराबद्दल पुरवठादाराला बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देणे लागते आणि त्या व्याजाची वजावट मिळत नाही, हा भाग वेगळा. नामंजूर होतात ती ३१ मार्चला थकलेली आणि मुदत उलटून गेलेली देणी. १ फेब्रुवारीला स्वीकारलेल्या मालाची ४५ दिवसांची मुदत १८ मार्चला संपते. ते ३१ मार्चला बाकी असेल तर यंदा खर्च नाही. १० मार्चला स्वीकारलेल्या मालाचे पैसे २४ एप्रिलपर्यंत दिले तर मात्र यंदाच खर्च मिळतो.

दुसरा गैरसमज व्यापाऱ्यांबद्दलचा. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) मिळते, पण तिचा लाभ बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरताच ठेवला आहे. म्हणून इचलकरंजीतील कापड व्यापाऱ्याने यंत्रमागधारकाकडून कापड विणून घेतले तर ४३-बी (एच) लागते. त्याच यंत्रमागधारकाने सूत व्यापाऱ्याकडून सूत घेतले तर लागत नाही. उद्यम प्रमाणपत्रावर उत्पादन, सेवा की व्यापार हे छापलेले असते. ते वाचावे, नुसता क्रमांक मागून थांबू नये.

तिसरी गोष्ट गैरसमजाची नव्हे, दुर्लक्षाची आहे. १ एप्रिल २०२५ पासून व्याख्याच बदलल्या. पूर्वी ५० कोटींपर्यंत उलाढाल आणि १० कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योग लघु होता. आता उलाढाल १०० कोटी आणि गुंतवणूक २५ कोटी. आपल्या भागातील मध्यम गटातील कित्येक फौंड्र्या आणि प्रोसेस हाऊस या बदलाने लघु गटात आले. त्यांची बिले गेल्या वर्षी या कलमात येत नव्हती, यंदा येतात. जुनी पुरवठादार यादी डोळे झाकून पुढे नेली तर ऑडिटमध्ये ही देणी निसटतात आणि ३-सीडी या कर ऑडिटच्या नमुन्याच्या २२ व्या रकान्यात आता लघु व सूक्ष्म उद्योगांना किती देणे होते, किती मुदतीत दिले, किती दिले नाही, हे सगळे लिहावेच लागते. मी टॅलीत प्रत्येक पुरवठादाराच्या खात्यापुढे उद्यम क्रमांक, गट, कामाचा प्रकार आणि ठरलेले दिवस अशी चार माहितीची घरे भरून घेतली आहेत. सुरुवातीला कंटाळवाणे काम आहे, पण मार्चमध्ये यादी एका बटणावर निघते.

एक अनुभव नोंदवतो. ही तरतूद आली तेव्हा काही मोठ्या खरेदीदारांनी आमच्या यंत्रमागधारकांना उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देऊ, असे तोंडी सुचवले होते. दोघा-तिघांनी घाबरून ती रद्द केलीही. पैसे वेळेवर मिळावेत म्हणून केलेल्या तरतुदीचा पुरवठादारालाच असा जाच व्हावा, हे खेदाचे आहे. नोंदणी रद्द करण्यापूर्वी कर्जावरील सवलती आणि विलंबित देण्यांची तक्रार करण्याचा हक्क यांवर पाणी सोडावे लागते, हे अशिलाला सांगणे आपले काम आहे.

प्रश्नकर्ता : हिशेबनीस, लक्ष्मीपुरी

सर्वांचे आभार. पुरवठादारांच्या खात्यांत माहितीची घरे भरण्याचे काम उद्यापासूनच सुरू करतो. दोन शंका राहिल्या. चप्पल लाइनमधील ज्या भागीदारीचा उल्लेख केला ती कलम ४४-एडी खाली अंदाजित नफा दाखवते. तिलाही १९४-टी लागेल का? आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा येत आहे, तर या वर्षाचे टीडीएस विवरणपत्र कोणत्या कायद्याने भरायचे?

उत्तर : सनदी लेखापाल, राजारामपुरी

४४-एडी खालील भागीदारीत मोबदला आणि व्याज यांची वेगळी वजावट मिळतच नाही. उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के धरलेल्या नफ्यात सगळे आले. १९४-टी मात्र वजावट मिळते की नाही हे पाहत नाही, मोबदला दिला की नाही एवढेच पाहते. जी नोंद करून संस्थेच्या करात एक रुपयाही वाचत नाही, ती निव्वळ जुन्या सवयीने टाकून टीडीएस ओढवून घेण्यात अर्थ नाही. अशा संस्थेने करारपत्रातून मोबदला आणि व्याजाची कलमे काढून नफ्याचा वाटा तेवढा ठेवावा. शिरोलीच्या मित्रांनी ३० टक्क्यांचा जो मुद्दा मांडला तो त्यांच्यासारख्या नियमित हिशेबाच्या संस्थांना लागू आहे, या दुकानाला नाही. नफा अंदाजित असल्याने याच दुकानाला ४३-बी (एच) ची धास्तीही नाही.

नव्या कायद्याबद्दल : आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होईल. ३१ मार्च २०२६ पर्यंत जमा केलेला किंवा दिलेला मोबदला १९६१ च्या कायद्याखालीच राहील आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आयकर विवरणपत्रही जुन्याच कायद्याने भरले जाईल. त्यानंतरच्या रकमांसाठी टीडीएसची बहुतेक कलमे ३९३ या एकाच कलमाच्या तक्त्यांत आली आहेत आणि भागीदारांवरील टीडीएसही तिथेच आहे. दर १० टक्के आणि मर्यादा २० हजार कायम. ४४-एडी आता कलम ५८ मध्ये आणि ऑडिटचे ४४-एबी कलम ६३ मध्ये सापडेल. मागील वर्ष आणि कर निर्धारण वर्ष ही जोडी जाऊन एकच 'कर वर्ष' राहील. अशिलांना समजावताना याचा उपयोगच होईल, कारण कोणत्या वर्षाचे चलन भरायचे यावर आजवर निम्मे फोन येत असत. एप्रिल-मे महिन्यांत जुनी चौथी तिमाही आणि नव्या कायद्याचे पहिले चलन शेजारीशेजारी चालेल, तेव्हा चलनावर वर्ष निवडताना सावध राहा.

फीचे म्हणाल, तर मी स्वतः या जानेवारीपासून टीडीएस, जीएसटी आणि वर्षअखेरीचे काम यांची फी वेगवेगळी लिहून अशिलाची सही घेतो. त्यात कोणत्या तारखेपर्यंत कोणते कागद अशिलाने द्यायचे हेही लिहिलेले असते, म्हणजे उशिराचे शुल्क कोणाच्या माथी हा वाद उरत नाही. काहींनी नाराजी दाखवली, एक-दोघे सोडूनही गेले; पण बहुतेकांना वरच्या उदाहरणातील २१,४०० चा आकडा दाखवला की पटते. आपली स्वतःची भागीदारी असेल तर तिलाही १९४-टी आहेच, हे आमच्या व्यवसायातील काहींच्या अजून ध्यानात आलेले दिसत नाही. व्यावसायिक फीवरील टीडीएसच्या कलम १९४-जे ची मर्यादा मात्र ३० हजारांवरून ५० हजार झाल्यामुळे लहान अशिलांकडून येणाऱ्या आपल्या फीवर आता कपात होणार नाही, एवढा दिलासा आहे.

ज्या संस्थांकडे अजून टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा खाते क्रमांक) नाही त्यांचा ४९-बी अर्ज याच आठवड्यात भरून टाका. टॅनशिवाय चलन निघत नाही, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज केला, त्यात पत्त्याची काही चूक निघाली, तर ३० एप्रिल हातातून जाईल.